परदेशस्थ निवृत्तांचा आरोग्य विमा

परदेशस्थ निवृत्तांचा आरोग्य विमा ही संज्ञा नोकरी वा व्यवसायातून निवृत्त झाल्यानंतर मायदेशाबाहेर काही महिने, काही वर्षे किंवा कायमचे वास्तव्य करणाऱ्या व्यक्तींच्या वैद्यकीय खर्चासाठीच्या विम्याला उद्देशून वापरली जाते. महाराष्ट्रात हा विषय मुख्यतः परदेशी स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे राहावयास जाणाऱ्या आईवडिलांच्या संदर्भात येतो. परदेशात नोकरी करून निवृत्तीनंतर भारतात परतणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न उलट दिशेने उभा राहतो.

सार्वजनिक आरोग्यसेवेचा हक्क बहुतेक देशांत तेथील कायदेशीर वास्तव्य, नोकरी किंवा कर व अंशदान यांच्याशी जोडलेला असतो. त्यामुळे एका देशात मिळवलेला हक्क निवृत्तासोबत दुसऱ्या देशात जात नाही. नव्या देशात कोणता विमा लागेल हे प्रामुख्याने व्हिसाच्या प्रकारावर ठरते. त्याचा खर्च वय, पूर्वीचे आजार व वास्तव्याचा कालावधी यांवर अवलंबून असतो.

## भारतातील हक्क आणि त्यांची भौगोलिक मर्यादा

भारतात निवृत्तांसाठी अनेक आरोग्य योजना अस्तित्वात आहेत. त्यांची रचना भारतातील रुग्णालयांच्या जाळ्यावर आधारलेली आहे.

### केंद्र सरकारचे निवृत्त कर्मचारी

केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्यांना केंद्र सरकार आरोग्य योजनेचे (सीजीएचएस) सदस्यत्व घेता येते. सातव्या वेतन आयोगाच्या वेतनस्तरांनुसार निश्चित केलेली मासिक वर्गणी स्तर १ ते ५ साठी २५० रुपये, स्तर ६ साठी ४५० रुपये, स्तर ७ ते ११ साठी ६५० रुपये आणि स्तर १२ व त्यापुढे १,००० रुपये अशी आहे. १२० महिन्यांची वर्गणी एकरकमी भरल्यास आजीवन सदस्यत्व मिळते. म्हणजेच सर्वांत खालच्या गटासाठी ही रक्कम ३०,००० रुपये व सर्वांत वरच्या गटासाठी १,२०,००० रुपये होते. माजी सैनिकांसाठीची अंशदायी आरोग्य योजना (ईसीएचएस) १ एप्रिल २००३ पासून लागू आहे.

### रेल्वे निवृत्तिवेतनधारक : मनमाडचे उदाहरण

नाशिक जिल्ह्याच्या नांदगाव तालुक्यातील मनमाड हे मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागातील महत्त्वाचे जंक्शन आहे. येथून मुंबई, भुसावळ, दौंड व छत्रपती संभाजीनगर या दिशांना लोहमार्ग जातात. रेल्वेचा अभियांत्रिकी कारखानाही येथे आहे. अशा रेल्वेगावांतील निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आरोग्यसेवेचा मुख्य आधार निवृत्त कर्मचारी उदारीकृत आरोग्य योजना, १९९७ (आरईएलएचएस-९७) हा असतो.

या योजनेसाठी साधारणपणे किमान २० वर्षांची अर्हताकारी सेवा आवश्यक असते. मूळ नियमानुसार निवृत्तीच्या वेळच्या शेवटच्या महिन्याच्या मूळ वेतनाइतकी रक्कम एकदाच भरल्यावर कर्मचारी व त्याचा जोडीदार यांना रेल्वे रुग्णालयांत आजीवन उपचार मिळतात. भुसावळ विभागातील रुग्णाला भुसावळच्या विभागीय रेल्वे रुग्णालयात आणि आवश्यकतेनुसार मुंबईतील भायखळा येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक रुग्णालयात पाठवता येते. जवळच्या रेल्वे रुग्णालयापासून अथवा आरोग्य केंद्रापासून २.५ किलोमीटरपेक्षा दूर राहणाऱ्या निवृत्तांना बाह्यरुग्ण सेवेऐवजी निश्चित वैद्यकीय भत्ता घेण्याचा पर्याय आहे. हा भत्ता १ जुलै २०१७ पासून दरमहा १,००० रुपये करण्यात आला.

एकदाच वर्गणी भरून आयुष्यभर मिळणारी ही सेवा निवृत्तांना मोठी आर्थिक सुरक्षितता देते. मात्र तिचा लाभ रेल्वेची रुग्णालये आणि रेल्वेने मान्यता दिलेली भारतातील रुग्णालये यांमधूनच मिळतो. मनमाडचा निवृत्त कर्मचारी मुलाकडे टोरंटो किंवा न्यू जर्सी येथे गेला, तर त्याचे निवृत्तिवेतन बँकेत जमा होत राहते व योजनेचे सदस्यत्वही टिकते. परंतु परदेशातील रुग्णालयाचे नेहमीचे देयक या योजनेतून भागत नाही.

### सर्वसाधारण ज्येष्ठ नागरिक

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा विस्तार २९ ऑक्टोबर २०२४ रोजी ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांपर्यंत, उत्पन्नाची अट न ठेवता, करण्यात आला. त्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड दिले जाते. कुटुंबातील या वयाच्या सदस्यांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही राबवली जाते. दोन्ही योजनांतील उपचार देशातील अंगीकृत रुग्णालयांतच होतात.

खासगी कंपन्यांच्या नेहमीच्या आरोग्य विमा पॉलिसीही सामान्यतः भारतातील उपचारांपुरत्या मर्यादित असतात. काही पॉलिसींत जागतिक संरक्षणाचे पूरक कलम अतिरिक्त हप्ता भरून घेता येते. त्यात देशांची यादी, सलग वास्तव्याची कमाल मुदत व आजारांचे स्वरूप यांवर बंधने असू शकतात.

## विम्याचे प्रकार

परदेशी जाणाऱ्या निवृत्तांना उपलब्ध असणारे पर्याय साधारणपणे चार गटांत मोडतात.

* प्रवास विमा : भारतीय कंपन्यांकडून प्रस्थानापूर्वी घेतला जातो. मुदत काही दिवसांपासून साधारणपणे १८० दिवसांपर्यंत असते. वैद्यकीय खर्चाबरोबर सामान हरवणे, प्रवास रद्द होणे अशा बाबींचाही त्यात समावेश असतो.
* अभ्यागत विमा : यजमान देशातील कंपन्यांकडून, बहुधा मुलामुलींमार्फत, घेतला जातो. अमेरिकेत त्याचे दोन प्रकार प्रचलित आहेत. निश्चित लाभ योजनेत प्रत्येक उपचारासाठी ठरावीक रक्कमच मिळते. व्यापक योजनेत आरंभीची ठरावीक रक्कम रुग्णाने सोसल्यानंतर उर्वरित खर्चाचा मोठा भाग कंपनी उचलते. निश्चित लाभ योजनेचा हप्ता कमी असतो, पण रुग्णालयाचे देयक व मिळणारी रक्कम यांतील तफावत रुग्णावर पडते.
* आंतरराष्ट्रीय आरोग्य विमा : दीर्घकाळ वास्तव्यासाठीची, दरवर्षी नूतनीकरण होणारी पॉलिसी. तिच्यात नियमित तपासण्या व जुनाट आजारही येऊ शकतात. तथापि प्रवेशाच्या वेळी वयोमर्यादा व वैद्यकीय तपासणी असते.
* यजमान देशाची सार्वजनिक योजना : बहुधा कायम वास्तव्याची परवानगी मिळाल्यावर, कधी त्यानंतरही ठरावीक काळ उलटल्यावर उपलब्ध होते.

## देशनिहाय अटी

### कॅनडा

कॅनडाने डिसेंबर २०११ मध्ये आईवडील व आजीआजोबांसाठी सुपर व्हिसा सुरू केला. हा व्हिसा १० वर्षांपर्यंत वैध असतो. ४ जुलै २०२२ पासून एका प्रवेशावर सलग ५ वर्षांपर्यंत राहता येते. अर्जदाराकडे किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरचा व किमान एक वर्ष मुदतीचा आरोग्य विमा असणे बंधनकारक आहे. त्यात वैद्यकीय उपचार, रुग्णालयातील वास्तव्य व मायदेशी परत पाठवणी यांचा समावेश असावा लागतो. पूर्वी हा विमा कॅनेडियन कंपनीचाच लागत असे. २८ जानेवारी २०२५ पासून कॅनडाच्या वित्तीय नियामकाची मान्यता असलेल्या परदेशी कंपन्यांच्या पॉलिसीही स्वीकारल्या जातात.

सुपर व्हिसाधारकाला प्रांतीय आरोग्य योजना लागू होत नाही. आईवडिलांना प्रायोजित करून कायम वास्तव्य मिळाल्यास ती लागू होते. काही प्रांतांत त्यासाठी प्रतीक्षाकाळ असतो.

### अमेरिका

अमेरिकेच्या बी-२ अभ्यागत व्हिसासाठी विमा कायद्याने सक्तीचा नाही. प्रत्येक प्रवेशावर सामान्यतः ६ महिन्यांपर्यंत राहण्याची परवानगी मिळते. १९८६ च्या कायद्यानुसार आपत्कालीन विभागाने पैसे देण्याची क्षमता न पाहता रुग्णाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करणे आवश्यक आहे. मात्र हा कायदा देयक माफ करत नाही.

२१ वर्षांवरील अमेरिकी नागरिक आपल्या आईवडिलांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करू शकतो. ग्रीन कार्ड मिळताच मेडिकेअर ही ज्येष्ठांची सार्वजनिक योजना लागू होते, असा गैरसमज आढळतो. ज्यांनी अमेरिकेत नोकरी करून अंशदान दिलेले नाही, अशा ६५ वर्षांवरील कायम रहिवाशांना सलग ५ वर्षांच्या वास्तव्यानंतर हप्ता भरून मेडिकेअर घेता येते. २०२५ मध्ये रुग्णालय सेवेच्या भाग ए साठी पूर्ण हप्ता दरमहा ५१८ डॉलर व डॉक्टरांच्या सेवेच्या भाग बी साठी मूळ हप्ता १८५ डॉलर होता. म्हणजे एका व्यक्तीस दरमहा ७०३ डॉलर आणि दांपत्यास वर्षाला १६,८७२ डॉलर भरावे लागत. याशिवाय प्रत्येक लाभकाळातील रुग्णालय प्रवेशासाठी आरंभीचे १,६७६ डॉलर व भाग बी मधील बहुतेक सेवांचा २० टक्के वाटा रुग्णाकडे राहत असे. औषधांचा विमा स्वतंत्र असतो.

अमेरिकेत ४० तिमाही अंशदान पूर्ण केलेल्यांना भाग ए विनाहप्ता मिळतो. भारत व अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षा करार नसल्याने भारतातील नोकरीची वर्षे त्यात धरली जात नाहीत. जोडीदाराच्या अमेरिकेतील अंशदानाचा आधार मात्र काही परिस्थितींत घेता येतो. अल्प उत्पन्न गटासाठीच्या मेडिकेड योजनेलाही बहुसंख्य नव्या कायम रहिवाशांसाठी १९९६ च्या कायद्याने ५ वर्षांची अट घातली आहे.

### युनायटेड किंग्डम

अभ्यागत म्हणून ६ महिन्यांपर्यंत येणाऱ्यांसाठी विमा सक्तीचा नाही. आपत्कालीन विभागातील उपचार विनामूल्य असतात. रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या उपचारांसाठी राष्ट्रीय आरोग्य सेवेकडून (एनएचएस) परदेशी अभ्यागतांना निर्धारित दराच्या १५० टक्के आकारणी होते. ५०० पौंड वा अधिक रक्कम थकल्यास पुढील व्हिसा नाकारला जाऊ शकतो. ६ महिन्यांहून अधिक मुदतीच्या बहुतेक व्हिसांसाठी आरोग्य अधिभार भरावा लागतो. ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढांसाठी प्रतिवर्ष १,०३५ पौंड आहे.

स्वतंत्र उत्पन्न असलेल्या निवृत्तांसाठीचा व्हिसा २००८ मध्ये नव्या अर्जदारांसाठी बंद झाला. जुलै २०१२ मध्ये आश्रित आईवडिलांसंबंधीचे नियमही कडक करण्यात आले.

### युरोप

शेंगेन क्षेत्राच्या ९० दिवसांपर्यंतच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. तो सर्व शेंगेन देशांत वैध असावा लागतो.

दीर्घ वास्तव्याच्या अटी देशागणिक भिन्न आहेत. जर्मनीने १ मार्च २०२४ पासून ठरावीक कुशल कर्मचाऱ्यांना आईवडिलांस बोलावण्याची मुभा दिली. त्यासाठी पुरेशा आरोग्य विम्याचा पुरावा लागतो. परंतु वयाच्या ५५ वर्षांनंतर, आधीच्या ५ वर्षांत सार्वजनिक विमा नसलेल्या व्यक्तीस जर्मन सार्वजनिक विम्यात प्रवेश मिळणे सामान्यतः शक्य नसते. त्यामुळे परवानगी उपलब्ध असूनही योग्य खासगी विमा मिळवणे हाच अनेकदा कळीचा मुद्दा ठरतो.

### ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड

ऑस्ट्रेलियाने २०१९ मध्ये आईवडिलांसाठी ३ किंवा ५ वर्षांचा तात्पुरता व्हिसा (उपवर्ग ८७०) सुरू केला. त्याच्या धारकाने आरोग्य विमा राखणे आवश्यक असते. कायम वास्तव्य मिळाल्यास तेथील मेडिकेअर ही सार्वजनिक योजना लागू होते. ऑस्ट्रेलियाचे काही देशांशी परस्पर आरोग्यसेवा करार आहेत, पण त्यांत भारताचा समावेश नाही. न्यूझीलंडने सप्टेंबर २०२५ मध्ये आईवडिलांसाठी ५ वर्षांपर्यंतचा बहुप्रवेश अभ्यागत व्हिसा सुरू केला. त्यातही आरोग्य विम्याची अट आहे.

### संयुक्त अरब अमिराती

दुबईत २०१३ च्या ११ क्रमांकाच्या कायद्याने आरोग्य विमा सक्तीचा केला. नोकरदाराचा विमा नियोक्त्याने काढावयाचा असतो. मात्र प्रायोजित केलेल्या आईवडिलांच्या विम्याची जबाबदारी प्रायोजक अपत्यावर असते. ५५ वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठी दुबईने २०२० मध्ये जाहीर केलेल्या ५ वर्षांच्या निवृत्ती व्हिसासाठीही वैध आरोग्य विमा लागतो.

## खर्च ठरवणारे घटक

वय हा सर्वांत प्रभावी घटक आहे. प्रवास व अभ्यागत विम्याचे दर वयोगटांनुसार ठरतात. ६०, ७० व ८० वर्षांच्या आसपास हप्ता वाढतो आणि त्याच वेळी अनेक योजनांत उपलब्ध विमा रक्कम कमी केली जाते. म्हणून एकाच दांपत्यातील दोघांना भिन्न अटी लागू होऊ शकतात.

पूर्वविद्यमान आजार हा वादाचा प्रमुख विषय आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार असे पॉलिसीपूर्वीचे आजार बहुतेक अल्पकालीन योजनांत वगळलेले असतात. काही अमेरिकी योजना अशा आजाराच्या आकस्मिक व तीव्र उद्भवापुरते संरक्षण देतात. त्यासाठी लक्षणे अचानक उद्भवलेली असणे आणि बहुधा २४ तासांच्या आत उपचार घेणे आवश्यक असते. नेहमीची औषधे, नियमित तपासण्या वा पूर्वनियोजित शस्त्रक्रिया त्यात येत नाहीत. कॅनेडियन योजनांत स्थिरतेची अट असते : पॉलिसीत नमूद केलेल्या काळात आजारात किंवा औषधाच्या मात्रेत बदल झालेला नसावा. रक्तदाबाच्या गोळीची मात्रा प्रवासापूर्वी वाढवली, तरी या अटीचा भंग झाल्याचे मानले जाऊ शकते.

विमा रक्कम व रुग्णाचा वाटा यांचा परिणाम परस्परविरोधी असतो. रुग्णाने आरंभी सोसावयाची रक्कम वाढवल्यास हप्ता उतरतो, पण आजारपणात हातातून जाणारा पैसा वाढतो. उपचाराचा देश हाही निर्णायक घटक आहे. त्यामुळे जागतिक पॉलिसींत अमेरिका वगळून व अमिरिकेसह असे दोन स्वतंत्र दर ठेवलेले आढळतात.

दंतोपचार, चष्मा, श्रवणयंत्र व दीर्घकालीन शुश्रूषा हे खर्च अनेक योजनांत येत नाहीत. वृद्धापकाळात रुग्णालयाबाहेरील शुश्रूषेचा खर्च मोठा असू शकतो. अमेरिकेतील मेडिकेअरही दीर्घकालीन निवासी शुश्रूषेचा खर्च सामान्यतः देत नाही.

## भारतातील पॉलिसी चालू ठेवणे

परदेशी गेल्यावर भारतातील पॉलिसीचा उपयोग होत नाही, म्हणून ती बंद करण्याकडे अनेकांचा कल असतो. तिचे परिणाम परतल्यावर दिसतात. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या (आयआरडीएआय) २०२४ च्या नियमांनुसार पूर्वविद्यमान आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. तसेच सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यास सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज माहिती न दिल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. वार्षिक हप्त्यासाठीची ३० दिवसांची सवलतीची मुदत उलटल्यास हे साचलेले लाभ सहसा नष्ट होतात. नवी पॉलिसी घेताना प्रतीक्षाकाळ पुन्हा सुरू होतो, आणि तोवर वयही वाढलेले असते.

याच नियमांनी नवी पॉलिसी घेण्यासाठीची ६५ वर्षांची प्रचलित वयोमर्यादा सक्तीची राहिली नाही. जानेवारी २०२५ मध्ये प्राधिकरणाने ज्येष्ठ नागरिकांच्या हप्त्यात पूर्वसल्लामसलतीशिवाय वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढ करण्यास कंपन्यांना मनाई केली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. त्यामुळे पॉलिसी चालू ठेवण्याचा खर्च काही प्रमाणात घटला.

आयकर कायद्यानुसार जुन्या करप्रणालीत ज्येष्ठ नागरिकांच्या हप्त्यावर ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. या तरतुदीतील ज्येष्ठ नागरिकाच्या व्याख्येत ६० वर्षे वयाबरोबर भारतातील निवासी असण्याची अट आहे. त्यामुळे दीर्घ परदेश वास्तव्यामुळे करदृष्ट्या अनिवासी ठरलेल्या व्यक्तीस ही वाढीव मर्यादा लागू होत नाही.

निवृत्तिवेतन अखंड मिळण्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला सादर करावा लागतो. १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झालेल्या जीवन प्रमाण सेवेमुळे तो अंकीय स्वरूपात देता येतो. परदेशात भारतीय दूतावास वा वाणिज्य दूतावासामार्फतही दाखला प्रमाणित करून घेता येतो.

## परदेशातून भारतात परतणारे निवृत्त

अमेरिकेतील मेडिकेअर काही अपवाद वगळता त्या देशाबाहेरील उपचारांचा खर्च देत नाही. त्यामुळे तेथून निवृत्त होऊन पुणे, नाशिक किंवा मुंबईत स्थायिक झालेल्या व्यक्तीस भारतात स्वतंत्र विमा घ्यावा लागतो. भाग बी चा हप्ता थांबवून नंतर पुन्हा नोंदणी केल्यास, विमा नसलेल्या प्रत्येक पूर्ण १२ महिन्यांसाठी हप्त्यात सामान्यतः १० टक्के वाढ होते. हा दंड पुढे कायम राहतो. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेचा हक्क नागरिकत्वापेक्षा तेथील नित्य वास्तव्यावर आधारलेला आहे. त्यामुळे कायमचा देश सोडल्यावर तोही सामान्यतः संपतो.

## सरकारी साहाय्य आणि त्रुटी

२००३ मध्ये सुरू झालेली प्रवासी भारतीय विमा योजना रोजगारासाठी विशिष्ट देशांत जाणाऱ्या कामगारांकरिता आहे. निवृत्त आईवडिलांसाठी ती नाही. २००९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून संकटग्रस्त भारतीयांना आपत्कालीन वैद्यकीय मदत किंवा पार्थिव मायदेशी नेण्यासाठी साहाय्य देता येते. हे साहाय्य आर्थिक निकड तपासून दिले जात असल्याने ते विम्याला पर्याय ठरत नाही.

भारताने अनेक देशांशी केलेले सामाजिक सुरक्षा करार मुख्यतः निवृत्तिवेतन व नोकरदारांचे अंशदान यांविषयी आहेत. भारतीय निवृत्ताच्या देशातील आरोग्यहक्काचे मूल्य परदेशात वापरता येईल, अशी सर्वसाधारण व्यवस्था त्यांतून निर्माण झालेली नाही. परिणामी, आयुष्यभराच्या सेवेतून आरोग्यसेवेचा हक्क मिळवलेल्या व्यक्तीच्या परदेशातील विम्याचा भार बहुधा तिच्या मुलामुलींच्या उत्पन्नावर पडतो. मुलांकडे कायमचे जावे की वर्षातील काही महिनेच राहावे, या निर्णयात म्हणूनच विम्याची उपलब्धता महत्त्वाची ठरते.

## हे सुद्धा पहा

* केंद्र सरकार आरोग्य योजना
* महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना
* आयुष्मान भारत योजना
* भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण
* अनिवासी भारतीय
* मनमाड